बातम्या संपल्या

निवृत्त होऊन सात वर्षं होत आली, तरी कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, वेळ कसा जातो?" सुरुवातीला मी खरं सांगायचो की संध्याकाळी रेडिओ ऐकतो. समोरचा "अरे वा, जुनी गाणी!" म्हणायचा आणि विषय संपायचा. गाणी नाहीत हो. मी खरखर ऐकतो. खरखरीमागे कोण बोलतंय ते शोधतो आणि सापडलं की वहीत लिहून ठेवतो. एवढं बोललो की समोरचा माणूस माझ्याऐवजी हिच्याकडे बघायला लागतो, आणि ही 'चालायचंच' अशी मान हलवते.

ज्यांनी शॉर्टवेव्ह कधी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंत जातात, पुढे संपतात. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात चढतात. जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विद्युतभारित थर असतो, तिथून त्या वाकून खाली येतात. एका उडीत तीन-चार हजार किलोमीटर. मग समुद्रावर आपटून पुन्हा वर, पुन्हा खाली. मध्ये तार नाही, उपग्रह नाही, कुणाची परवानगी नाही. दिवसा सूर्यप्रकाशामुळे खाली आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. म्हणून माझी बैठक संध्याकाळची. खिडकीबाहेर दिसेनासं होऊ लागलं की ३१ मीटर आणि ४९ मीटरच्या पट्ट्यांवर (हे मीटर म्हणजे लहरीची लांबी) एकेक आवाज वर यायला लागतो. दुपारी त्याच जागी नुसतं फस्स असतं.

आयुष्यभर हिशेब खात्यात काढल्यामुळे नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलं, आणि शेवटी पाच आकडे. हे पाच आकडे जगभरचे श्रोते वापरतात. आवाजाचा जोर किती, दुसऱ्या स्टेशनाची घुसखोरी किती, खरखर किती, आवाज वरखाली किती होतो आणि एकंदर ऐकण्याजोगं किती. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. पूर्वी अशी नोंद स्टेशनला पत्राने पाठवली की ते ती पडताळून एक छापील कार्ड पाठवायचे. माझ्याकडे अशी कार्डांची एक पेटी आहे. त्यातली बरीचशी स्टेशनं आता नाहीत. पेटी उघडली की ही म्हणते, "झालं, श्रद्धांजलीचा कार्यक्रम सुरू."

दोन वर्षांपूर्वीची एक फजिती सांगतो. अचानक सगळ्या पट्ट्यांवर एक किरकिर सुरू झाली. अंधार पडायला लागला की सुरू, झोपायच्या वेळी बंद. मी शेजाऱ्यांवर संशय घेतला. हल्ली चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सगळंच रेडिओत किरकिरतं. शेजारी बिचारे सज्जन. त्यांनी माझ्या सांगण्यावरून एकेक उपकरण बंद करून दाखवलं, अगदी फ्रिजसुद्धा. किरकिर तशीच. मग मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे मला फारसं सौजन्य मिळालं नाही आणि ते योग्यच होतं. दोन आठवडे मी कागदावर मजले, घरं आणि वेळा मांडून तपास करत होतो. एका संध्याकाळी बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ हातात घेऊन घरभर फिरलो. आवाज कुठे वाढतो, कुठे कमी होतो बघत गेलो, आणि फिरून फिरून माझ्याच टेबलाशी येऊन थांबलो. वहीत लिहायला नीट दिसावं म्हणून नवा घेतलेला दिवा! तो विझवला आणि क्षणात ३१ मीटर धुतल्यासारखा स्वच्छ. शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागितली. वरच्या मजल्यावर अजून गेलेलो नाही.

छंदाला लोक हसतात, त्याचं वाईट वाटत नाही. कारण हा सगळा पसारा हौशी लोकांनीच उभा केलेला आहे. १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं गेलं. त्या लहरी कुचकामी आहेत असं तेव्हा जाणकार समजत होते. खेळा म्हणाले तिथे. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कुचकामी लहरींवर फ्रान्समधला एक हौशी आणि अमेरिकेतला एक हौशी अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी बोलले. त्यानंतर मोठ्या कंपन्या आणि सरकारं त्या पट्ट्यात धावत आली. अडगळीत टाकलेल्या माणसांना अडगळीतच काहीतरी सापडतं, हे वाचून निवृत्त माणसाला किती बरं वाटतं म्हणून सांगू!

आणि श्वाबे. हे माझं दैवत. जर्मनीतल्या डेसाऊ गावचा औषधविक्रेता. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ एखादा ग्रह फिरत असेल या आशेने १८२६ पासून त्याने रोज सूर्य बघायला सुरुवात केली. पुढे दुकानसुद्धा विकून टाकलं. ग्रह काही सापडला नाही, पण तो डाग मोजत राहिला आणि १८४३ मध्ये त्याने जाहीर केलं की सूर्यावरचे डाग साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. आज आपण ते चक्र अकरा वर्षांचं धरतो. डाग वाढले की तो वरचा थर बळकट होतो आणि दूरची स्टेशनं उत्तम लागतात. अर्थात सूर्य फारच पेटला तर उलटंही होतं. १० मे २०२४ ला मोठं भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उडालेली खळबळ, आलं, २००३ नंतरचं सर्वांत तीव्र. लोक आकाशातले गुलाबी-हिरवे पडदे बघत होते, आणि माझ्या त्या दोन दिवसांच्या नोंदी एका ओळीच्या आहेत: "काहीही नाही." सध्या चालू आहे ते २५ वं चक्र, २०१९ च्या डिसेंबरपासून मोजतात. आता त्याचा उतार सुरू झालाय. डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय की मला २६ व्या चक्राचा भर बघायचा आहे. त्यांनी आधी माझा रक्तदाब बघितला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मुलगा म्हणतो, बाबा, जगभरच्या सगळ्या बातम्या फोनवर येतात, मग हा आटापिटा कशाला? त्याचं म्हणणं खोटं नाही. माझ्याकडेही फोन आहे, हे मी त्यावरच लिहितोय. पण रेडिओवर ठरलेल्या वेळी बातम्या सुरू होतात, दहा-पंधरा मिनिटं चालतात, आणि मग निवेदक सांगतो की बातम्या संपल्या. हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? फोनवर बातम्या संपतच नाहीत. एक सरकवली की खाली दुसरी. तीच बातमी सात तोंडांनी, मध्ये एक जाहिरात, मग तिच्यावर चिडलेली माणसं, मग त्या चिडलेल्यांवर चिडलेली माणसं. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मी असंच काढलं. सकाळी उठल्याबरोबर फोन, रात्री डोळे मिटेपर्यंत फोन. जगात काय चाललंय ते विचाराल तर धड सांगता यायचं नाही, पण दिवसभर राग मात्र ताजा. ही एकदा म्हणाली, "ऑफिसात साहेब होता म्हणून चिडचिड समजत होती. आता कोण आहे?"

बातमीपत्रात कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की आज या दहा मिनिटांत काय बसेल आणि काय नाही. त्या निवडीत त्यांचा स्वार्थ असतो, त्यांच्या सरकारचा डाव असतो, सगळं कबूल. पण ती निवड मला समोर दिसते. एकाच संध्याकाळी एकाच घटनेची बातमी मी दोन देशांच्या स्टेशनांवर ऐकतो. एकाकडे ती पहिली असते, दुसऱ्याकडे सहावी. एक 'हल्ला' म्हणतो, दुसरा 'कारवाई'. एकाकडे मृतांचा आकडा येतो, दुसऱ्याकडे 'काही जीवितहानी झाल्याचं समजतं'. वहीत मी दोन्ही शेजारी शेजारी लिहितो, जमा आणि नावे. ताळा क्वचितच जमतो. पण आता मला ठाऊक तरी असतं की कोण कुठे गाळतंय. फोन मला जे दाखवतो ते कोणी निवडलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मीच निवडलं असं तो भासवतो, ही त्याची खरी हुशारी.

म्हणूनच ही स्टेशनं एकेक करून बंद होताना मला जे वाटतं ते फक्त जुन्याचं प्रेम नाही. स्वित्झर्लंडचं गेलं २००४ मध्ये. कॅनडा आणि नेदरलँड्स दोन्ही २०१२ च्या जूनमध्ये, आठवडाभराच्या अंतराने. रेडिओ ऑस्ट्रेलियाचा शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०१७ ला थांबला. पॅसिफिकमधल्या बेटांवरून विरोध झाला, व्हानुआतूच्या पंतप्रधानांनी नाराजी बोलून दाखवली, पण पैसे डिजिटलकडे वळवायचे ठरलेलं होतं. त्यांनी सोडलेल्या काही फ्रीक्वेन्सी पुढे चीनच्या रेडिओने घेतल्या. रिकामी जागा रिकामी राहत नाही, हे कुठल्याही भाडेकरूला कळतं. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला संपलं. १९४० पासून चालू होतं. त्या तारखेला माझ्या वहीत फक्त वेळ लिहिलेली आहे.

खर्चाचा मुद्दा मला समजतो, हिशेब खात्यातच होतो. शंभर, कधी पाचशे किलोवॉटचे ट्रान्समीटर चालवायचे, त्यांची वीज, देखभाल, आणि ऐकणारे किती तर माझ्यासारखे चार. ताळेबंदात हे टिकत नाही. पण काही खर्च असे असतात की त्यांची किंमत फक्त अडचणीच्या दिवशी कळते. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमध्ये टीव्हीचे मनोरे उडवले जाऊ लागले, तेव्हा बीबीसीने त्या भागासाठी शॉर्टवेव्हवर रोज चार तास इंग्रजी बातम्या सुरू केल्या. पुढच्या वर्षी सुदानसाठी अरबीतून तेच. म्हणजे गरज पडली की याच मोडीत काढलेल्या गोष्टीकडे हात जातो. इंटरनेट बंद करायला एक आदेश पुरतो. आकाशातून उडी मारून येणाऱ्या आवाजाला अडवायचं तर त्याच जागी त्याहून मोठा आवाज करत बसावं लागतं. सोव्हिएत रशियाने ते दशकानुदशकं केलं आणि १९८८ च्या अखेरीस बंद केलं. इतका आवाज करत राहणं त्यांनाही महागच पडलं असणार.

२०२५ च्या मार्चमध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका गप्प झालं. सरकारी आदेश निघाला, आणि १५ मार्चला जवळपास सगळ्या कर्मचाऱ्यांना सुट्टीवर पाठवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सुरू झालेलं स्टेशन. मी त्याचा भक्त कधीच नव्हतो, वहीतल्या माझ्या टिपा बघितल्या तर त्यांना मी बऱ्याचदा झोडपलेलंच आहे. पण त्या संध्याकाळी नेहमीच्या जागी काटा आणला आणि तिथे नुसतं फस्स. पुढे कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. माझ्या जमा-नावेच्या पानावर मात्र एक बाजू कोरी राहिली, आणि एकाच बाजूच्या खात्याला आमच्याकडे खातं म्हणत नाहीत.

गेल्या रविवारी नात आली होती. नऊ वर्षांची आहे. माझ्या शेजारी बसली, चकती हळूहळू फिरवायला शिकली. एका जागी कुणी बाई बोलताना सापडली, आवाज लाटेसारखा येत होता, जात होता. नेमक्या त्याच वेळी हिने काहीतरी विचारलं आणि नातीचं ऐकायचं राहिलं. ती म्हणाली, "आजोबा, मागे कसं घ्यायचं?"

म्हटलं, यात मागे घेता येत नाही.

"म्हणजे ती बोलली ते गेलं?"

गेलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं की यंत्र बिघडलंय आणि आजोबांना कुणी सांगितलेलं नाही. मग खोलीचं दार लावून आली, दोघांनाही बोलायची बंदी केली आणि कान अगदी जाळीला लावून बसली. पंधरा मिनिटांनी तो आवाज खरखरीत विरघळून गेला. कुठलं स्टेशन ते मलाही ओळखता आलं नाही.

नोंद तिनेच केली, पेन हातातून काढून घेऊन. भाषेच्या रकान्यात लिहिलं, "माहीत नाही." काय ऐकलं: "एक काकू. घाईत नव्हत्या." पाच गुणांचं तिला समजावून दिलं. आवाजाच्या जोराला तिने एक दिला, घुसखोरीला एक, खरखरीला एक, वरखालीला एक. सगळं बरोबर होतं. शेवटच्या रकान्यात, एकंदर ऐकण्याजोगं किती, तिथे पाच.

तिला सांगितलं की असं चालत नाही, आधीचे चारही एक असताना शेवटी पाच येऊच शकत नाही, बेरीज चुकते. ती म्हणाली, "पण मी ऐकलं ना."

खोडरबर टेबलावरच होतं.