पंधरा दिवसांत मुरमाची माती होत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘भरावाच्या जमिनीतही फुलबाग! खड्ड्यात ताजं शेण, वर राख नि अंड्याची टरफलं, दर आठवड्याला जीवामृत. पंधरा दिवसांत मुरमाची काळी माती!’ नेरुळला इमारतीच्या कडेच्या तीन फुटी पट्ट्यात मी नऊ वर्षं फुलझाडं लावतेय. यातली एकही वस्तू टाकाऊ नाही. पण सांगितलेली रीत झाडं मारते, म्हणून लिहितेय.

आधी ताजं शेण. ते खड्ड्यात कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जळतात. शिवाय हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. छान धरलेल्या अबोलीने ऑगस्टात माना टाकल्या. एक रोप ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मूळच नाही. माती उकरली तर पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, मुरडून पडलेल्या अळ्या. एका खड्ड्यात सात. शेण हवंच, पण चार-सहा महिने ओलसर ढिगात कुजलेलं. मुरलेल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, आणि त्यात गवताची काडी ओळखू येत नाही.

राख आता मिळते इस्त्रीवाल्याकडे. तिच्यात पालाश (पोटॅश) असतं हे खरं, पण ती मातीचा सामू (pH) वर नेते, म्हणजे माती अल्कधर्मी करते. मग जास्वंदीला लोह घेता येत नाही: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चिमूटभर राख खताच्या ढिगात टाका, खड्ड्यात ओतू नका.

टरफलं वर्षभरानंतरही तशीच सापडतात. ठेवायचीच तर पूड करून.

जीवामृताबद्दल मला आदर आहे. पण 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि 200 लिटर पाणी हे प्रमाण एका एकराचं. ते जिवाणूंचं विरजण आहे. खाली सेंद्रिय पदार्थच नसेल तर विरजण लावायचं कशाला? पालापाचोळ्याचं आच्छादन आधी हवं.

आणि काळी माती! मुरूम आणि काळी माती दोन्ही आपल्या काळ्या पाषाणाचीच लेकरं, पण मुरमाची माती व्हायला हजारो वर्षं जातात. आपण फक्त खड्ड्यापुरती जमीन भुसभुशीत करतो, तीही दरवर्षी नव्याने, कारण इथल्या उकाड्यात खत लवकर संपतं. मी दीड फुटी खड्ड्यात तिसरा हिस्सा शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि बाकी चाळलेली माती घालते. मोगऱ्याला मनासारखा बहर तिसऱ्या उन्हाळ्यात आला.

मेसेजमध्ये जे नाहीच, ते सगळ्यात महत्त्वाचं. भराव रोलरने दाबलेला असतो, पहार मारली की खणखणतो. त्यात खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली. जूनमध्ये भरते नि मुळं सडतात. म्हणून खत घालण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तासाभरानेही ते तसंच दिसलं, तर तळ पहारीने फोडा, नाहीतर विटा लावून वाफा फूटभर उचलून घ्या.