पँट वर करून दाखव म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय. आधी हे लिहितो, मग जेवतो.

दादाला घेऊन एसटीनं जिल्ह्याच्या गावी निघालो होतो. त्याच्या जयपूर फूटचं सॉकेट घासतंय, ते दाखवायला. गाडी खच्चून भरलेली. दादा 'दिव्यांगांसाठी राखीव' लिहिलेल्या सीटवर बसला, मी दांडा धरून उभा. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक काका आले. "ऊठ रे, चांगला धडधाकट दिसतोस की!" दादानं खिशातून कार्ड काढलं. काकांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "असली कार्डं पैशाला पासरी मिळतात. काय झालंय ते दाखव."

आणि दादानं दाखवलं. भरल्या गाडीत वाकून डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. खाली मोजा, वर तो चॉकलेटी नळा, गुडघ्याशी पट्टा. अख्खी गाडी बघत होती. २००९ साली मळणी यंत्रात पाय गेला, तेव्हासुद्धा माझ्यादेखत तो असा मान खाली घालून बसला नव्हता.

अरे, कोण दिव्यांग हे ठरवायला कायदा आहे ना? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिलेत, सवलतीला ४० टक्क्यांची अट आहे. त्यात हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे, ऐकू न येणं आहे. त्या लोकांनी काय वर करून दाखवायचं?

बोगस सर्टिफिकेटवाले आहेत, माहितीये मला. कमेंटमध्ये येऊन शिकवू नका. पण त्यांना पकडायचं काम गाडीतल्या मिशांना कुणी दिलं?

कागदाचंच म्हणाल तर दादाच्या सर्टिफिकेटवर ६० टक्के लिहिलंय. त्यावर त्याला तिकिटात ७५ टक्के सूट. हाच आकडा ६५ च्या वर असता तर सोबत जाणाऱ्यालाही, म्हणजे मला, अर्धं तिकीट पडलं असतं. एसटीची पायरी चढताना तो माझ्या खांद्यावर भार टाकतो, तो किती टक्क्यांचा ते कोण मोजणार? असो.

आता एक गोष्ट लिहिता लिहिता आठवली. मगाशी रागात ध्यानातच आली नव्हती. हेच काका चढल्या चढल्या कंडक्टरला आधार कार्ड दाखवत होते. जन्मतारीख १ जून १९६२. कंडक्टर बिचारा समजावत होता, काका, ६५ भरायला अजून वेळ आहे, फुल तिकीट लागेल. काका म्हणत होते, मास्तरांनी अंदाजानं लिहिलीय रे ती तारीख! खरं असणार. आमच्या वडलांचीही १ जूनच. त्या पिढीतला अर्धा गाव १ जूनलाच जन्मला.

बघा गंमत. आईवडिलांच्या सांभाळाचा २००७ चा कायदा साठीलाच ज्येष्ठ म्हणतो. एसटीत अर्ध्या तिकिटाला पासष्टी लागते, फुकट प्रवासाला पंच्याहत्तरी. रेल्वेत साठीच्या पुरुषांना ४० टक्के सूट होती, ती मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. आणि काकांच्या शेजारी काकू उभ्या होत्या, त्यांना अर्धं तिकीट. २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धंच आहे. (त्याबद्दल मी बोलणार नाही, माझी बायको त्याच तिकिटावर रोज कामाला जाते.)

म्हणजे काकांचे गुडघे दुखत असणार, पैसे पूर्ण गेले, वर बसायला जागा नाही. राग निघाला राखीव सीटवरच्या माणसावर.

म्हणून माफ करू? नाही करणार. पँट खाली घेताना दादा इस्त्रीची घडी बोटांनी परत जुळवत होता. गाडी खड्ड्यातून जात होती आणि हा घडी जुळवतोय. ते काही डोळ्यांसमोरून जात नाही.

वर त्यानंच खिडकीकडे सरकून काकांना अर्धी जागा दिली. मी नसती दिली. काका टेकले, पुढचा तासभर तोंडातून शब्द नाही.

सॉकेटचं काम आज झालं नाही, शुक्रवारी परत बोलावलंय. दादा आत्ताच म्हणाला, "तू नको येऊस, तुझं फुल तिकीट जातं."