संपादक जिन्याखाली आहेत

रोज सकाळी सहाला मी लिहायला बसते, असं मी सगळ्यांना सांगते. त्यातलं 'सहाला' तेवढं खरं आहे. सहाला खाली जिन्यापाशी पाच मांजरं येऊन बसलेली असतात, आणि इतकी वक्तशीर मंडळी माझ्या ओळखीत दुसरी कुणी नाहीत. त्यांना खायला घालून, वाट्या विसळून, पाणी बदलून वर येते तोवर सात वाजतात. मग टेबलाशी बसते आणि कोण खायचं राहिलं ते खिडकीतून बघते. आठ वाजता आई विचारते, "झालं का काही लिहून?"

"जोडाक्षर आज नीट जेवला नाही गं."

नावं ठेवणं हा लेखकांचा जुना धंदा. माझं लिहिणं अडलं तरी हा धंदा कधी अडला नाही. जोडाक्षर हा बोका. एका मांजरात दोन मांजरं मावावीत एवढा. शेपटीचं टोक वाकलेली काळी भाटी म्हणजे स्वल्पविराम. सगळे खाऊन गेले की शेवटी येणारा म्हातारा बोका तो उपसंहार. एक पांढरी कधी दिसते, कधी नाही, आणि दिसली तर अगदी खाली, भिंतीच्या बुडाशी. तिला तळटीप म्हणते. पाचव्याच्या अंगावर पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग. पुढ्यात ठेवलेलं ते आधी लांबून बघायचं, मग जवळ येऊन हुंगायचं, मान फिरवायचं आणि काहीही न कळवता निघून जायचं. त्याचं नाव मी संपादक ठेवलं.

लोक म्हणतात, तुमची मांजरं. माझी नाहीत ती. पाळलेल्या मांजराला टाकून दिलं तर ते पुन्हा माणसाच्या मांडीवर येऊ शकतं. ही उघड्यावर जन्मलेली, जंगली. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला लागलं तर लागलं, नाहीतर माणूस म्हणजे दोन पायांवर चालणारं संकट, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. मोठी मांजरं आपसांत सहसा म्याव करत नाहीत. ते बोलणं माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं. तीन वर्षं मी यांना दोन वेळा खायला घालते आहे. एकानेही मला अजून म्याव केलेलं नाही. एवढं मौन मी फक्त समीक्षकांकडून अनुभवलं आहे.

लांबून बघत डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे, की मांजराला तुमचा हेतू चांगला असल्याचं कळतं, असं वाचलं होतं. पाऊण तास पायरीवर बसून मी ते करत होते. संपादकांनी पाठ फिरवली. त्याच वेळी तळमजल्यावरचे काका समोरून गेले, आणि संध्याकाळी त्यांनी आईला हळूच विचारलं, "मुलीच्या डोळ्यांचं कुणाला दाखवलंत का?"

या काकांचा मांजरांना तात्त्विक विरोध होता. तो असूनही एकदा दयाबुद्धीने त्यांनी जिन्यात दुधाची बशी ठेवली. दूध आणि मांजर ही जोडी म्हणींमध्ये शोभते. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात, पण त्या बोक्याच्या पोटाचं दुसऱ्या दिवशी काय झालं हे म्हण सांगत नाही. आमच्या जिन्याने ते सांगितलं. जिना काकांनीच धुतला.

तर, लिखाण. एका मासिकाने माझ्याकडे दीर्घकथा मागितली होती. मुदत दोन महिने. मी हो म्हटलं, कारण दोन महिने लांब असतात तेव्हा मी फार कर्तबगार असते. नेमक्या त्याच आठवड्यात संपादकांचं पोट सुटल्यासारखं दिसायला लागलं. अंगावर घेताहेत, चांगलंच आहे, असं मला वाटलं. उपसंहाराच्या डोळ्याचं औषध आणायला डॉक्टरांकडे गेले तेव्हा सहज फोटो दाखवला.

"हा बोका आहे असं कोण म्हणालं?"

"मी."

डॉक्टरांनी समजावलं. तांबूस की काळं, हे ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. दोन्ही रंग अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात, म्हणून असं तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच निघतं. संपादक भाटी होते. आणि गाभण होते. नाव बदलायला हवं होतं, पण आईच्या जिभेवर ते बसलं होतं, त्यामुळे आमच्या घरात ते तसंच राहिलं. व्याकरण तेवढं बदललं: संपादक फुगल्यात, संपादक चिडल्यात.

मांजरीचे दिवस भरायला 63 ते 65 दिवस लागतात. माझी मुदत साठ दिवसांची. म्हणजे आम्ही दोघी साधारण एकाच वेळी बसलो होतो. त्या दिवसेंदिवस जड होत गेल्या, मी जागच्या जागी. एका पहाटे त्यांनी जिन्याखालच्या खोक्यात चार पिल्लं घातली. एक काळं, एक तांबूस आणि दोन अगदी एकसारखी पांढरी. ना गाजावाजा, ना मनोगत. माझ्याकडे तोवर दीड परिच्छेद होता.

"तिचे चार झाले," आई म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. आया बोलत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवतात.

एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. घरी येऊन मी माझा दीड परिच्छेद पुन्हा वाचला. पहिलं वाक्य एकाच्या वळणाचं, दुसरं दुसऱ्याच्या, तिसऱ्याचा तर तोंडवळाच कपाटातल्या एका पुस्तकाचा. खोडून टाकला.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मानेला धरून एकेक पिल्लू खोक्यातून कुंड्यांमागे, कुंड्यांमागून पाण्याच्या पंपाच्या खोलीत, तिथून काकांच्या जुन्या सुटकेसमध्ये. मीही तेच करत होते. माझी नायिका आधी रेल्वे फलाटावर उभी होती. तिथे वारा लागेना म्हणून तिला इस्पितळाच्या व्हरांड्यात नेलं, मग एका लग्नात, मग लिफ्टमध्ये अडकवलं. फरक एवढाच की संपादकांच्या पिल्लांचे नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत डोळे उघडले. माझी नायिका महिन्यानंतरही लिफ्टमध्येच होती. मुदत एकदा टळली, मी दुसरी मागून घेतली.

पिल्लांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तीत माझं कर्तृत्व नाही. सुटकेस काकांची, त्यामुळे पिल्लंही काकांची झाली. तात्त्विक विरोध सहाव्या आठवड्यात काकांच्या छातीवर झोपू लागला. काळं आणि तांबूस चांगल्या घरी गेली. दोन पांढरी काकांनी ठेवून घेतली. कायम एकावर एक बसलेली असतात, म्हणून त्यांचं नाव विसर्ग.

प्रश्न उरला संपादकांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच भाटी पुन्हा गाभण राहू शकते, आणि वर्षात असं दोन-तीनदा होऊ शकतं. मी वर्षात एक कथा पुरी करत नाही. त्यामुळे नसबंदी करायची ठरलं. बाकी चौघांची आधीच झाली होती. भूल दिलेली असतानाच डॉक्टर डाव्या कानाचा शेंडा जरासा सरळ छाटतात, म्हणजे पुन्हा कुणी त्याच मांजराला धरून न्यायला नको. चार कान छाटलेले आणि एक शाबूत, असा हिशोब उरला होता.

इथे मला एक जुनी चूक कबूल करायची आहे. एका व्यासपीठावर मी म्हटलं होतं, "प्रतिभा मांजरासारखी असते, बोलावून येत नाही." टाळ्या पडल्या होत्या. हे साफ खोटं आहे. मांजर रोज सहाला येतं. आणि धरायचं झालं तर त्याला पद्धत आहे. लांबट पिंजरा, एका बाजूला दार, आत खोलवर एक पट्टी. पट्टीवर पाय पडला की मागे दार खाली येतं. आदल्या दिवशी खाणं बंद ठेवायचं, पट्टीच्या पलीकडे उग्र वासाचे डबाबंद मासे ठेवायचे, आणि आपण लांब, गप्प बसायचं. दार पडलं की पिंजऱ्यावर चादर टाकायची, अंधार झाला की मांजर शांत होतं. गोडीगुलाबीचा उपयोग नाही. मांजराला गोड चव कळतच नाही, जिभेवर ती ओळखायची सोयच नसते. प्रतिभेसाठी असा पिंजरा कुठे मिळत असेल तर मला कळवा.

पहिल्या दिवशी दार पडलं. धावत गेले तर आत जोडाक्षर. सोडला. पुन्हा मासे ठेवले. पुन्हा जोडाक्षर. या बोक्याने हिशोब मांडला होता: आत जायचं, मासे खायचे, बाई येऊन दार उघडते. तिसऱ्यांदा तर दार पडलं तरी त्याने मान वर केली नाही. संपादक समोरच्या भिंतीवर बसून हे सगळं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी खाली दबा धरून बसले असताना वर फोन वाजला. खऱ्या संपादकांचा. म्हणजे मासिकाच्या. हे गृहस्थ अतिशय सौम्य आहेत. आईने फोन घेतला. मला तिची बाजू तेवढी नंतर कळली, तीही तिच्याचकडून, आणि आपलं काही चुकलं असं तिला आजही वाटत नाही.

"नाही, ती खाली आहे. संपादकांना पकडायला बसलीय... हो, पिंजरा लावून. काल दिवसभर उपाशी ठेवलंय, आज येतील बरोबर... नाही हो, काही लागत नाही त्यांना, वरून चादर टाकली की गप्प होतात... मग काय, लगेच ऑपरेशन. डॉक्टरांची वेळ घेतलेलीच आहे... कानाचा शेंडा तेवढा कापतात, ओळखायला... तुम्ही कोण बोलताय?"

संध्याकाळी त्यांचा निरोप आला. कथेची अजिबात घाई नाही, हवे तर आणखी पंधरा दिवस घ्यावेत, प्रकृतीस जपावे.

त्याच दुपारी जोडाक्षराला काकांनी आत कोंडून घेतलं आणि संपादक सापडल्या.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रात्रभर पिंजऱ्यातच ठेवा, बंद, उबदार, शांत खोलीत, आणि पूर्ण शुद्धीवर आली, तरतरीत दिसली की सकाळी जिथे पकडली तिथेच सोडा. आमच्या घरात दार लागणारी शांत खोली एकच. माझी लिहायची. पहिल्यांदाच तिचा काही उपयोग होणार होता.

रात्री दहाला मी चादरीच्या पिंजऱ्याजवळ खुर्ची घेऊन लक्ष ठेवायला बसले. तास-दीड तासाने आत हालचाल झाली. मी उठून बघायला गेले तर फिस्कारण्याचा असा आवाज आला की जागच्या जागी बसले. फोन घेतला, उजेड पडला, फिस्स. खुर्ची सरकवली, फिस्स. संगणक उघडला, पहिली तीन अक्षरं टकटक केली, आतून पिंजरा हादरला.

लिहिताना मी काय काय करते हे तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. पाणी प्यायला उठते. कपाट आवरते. शब्दकोशात एक शब्द शोधते आणि शेजारचे चाळीस वाचते. केस धुते. एकदा मधल्या ओळीवर अडले म्हणून मी पंखा पुसला होता. त्या रात्री हे सगळं बंद. पेन आणि कागद तेवढे चालत होते, त्यांचा आवाज संपादकांनी खपवून घेतला. दुसरं करायलाच काही नव्हतं म्हणून लिहीत राहिले. नायिका बाराच्या सुमाराला लिफ्टमधून बाहेर आली. पाचव्या पानावर मी पावसाचं वर्णन सुरू केलं तेव्हा चादरीखालून दीर्घ गुरगुर आली. योगायोग असेल. मी पाऊस खोडला. पहाटे चारला अकरा पानं झाली होती आणि कथा संपली होती.

सकाळी पिंजरा खाली नेला, दार उघडलं. संपादक बाणासारख्या सुटल्या, वळून बघितलं नाही. संध्याकाळी मात्र वाटीवर हजर, डावा कान सपाट. हुंगलं, मान फिरवली, निघून गेल्या. म्हणजे तब्येत उत्तम.

कथा छापून आली. मासिकाच्या संपादकांचं पत्रही आलं. आवडली, फक्त मध्ये कुठेतरी पावसाचं एखादं वर्णन असतं तर बहार आली असती. शेवटी विचारलं होतं, पुढच्या अंकासाठी एक द्याल का?

इथे पंचाईत आहे. पाचही कान छाटून झालेत. धरण्यासारखं आता कुणी उरलेलं नाही. परवा रात्री मी शेवटी रिकामा पिंजराच वर आणला, दार उघडं ठेवलं, आत मासे ठेवले. पाच मिनिटांत जिना चढून जोडाक्षर आला. आत गेला, मासे संपवले, अंग पसरलं आणि घोरायला लागला. मी खुर्ची सरकवून बघितली. संगणक उघडला. कपाट उघडून जोरात लावलं. त्याने कूस बदलली. बघता बघता माझेही डोळे मिटले, सावकाश.

सहाला जाग आली ती कसल्याशा आवाजाने. जोडाक्षर माझ्या कोऱ्या कागदांवर उभा होता, नाक माझ्या नाकापासून वीतभर लांब. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यातलं कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

"म्याव," तो म्हणाला.

खाली बाकीचे चौघे येऊन बसले होते.