शिमोकिताझावात एक दिवस, आणि जुना बाजार हटवण्याची घाई

पुण्यामुंबईहून कोणी टोकियोला यायचं ठरलं की फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेनच्या जोडीला हल्ली यादीत शिमोकिताझावा असतंच. कॉलेजात जाणारी भाचरं तर आधी तेच विचारतात. स्टेशनच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या अरुंद गल्ल्यांमध्ये जुन्या कपड्यांची शंभराहून जास्त दुकानं आहेत. सगळा दिवस हाताशी ठेवून जावं अशी ही वस्ती. तो दिवस कसा आखावा ते आधी सांगते. मग सांगते ते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. हीच मंडळी घरी परतल्यावर इथले फोटो कौतुकाने दाखवतात आणि त्याच फोनवरून पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार एकदाचा हटवा असा मजकूरही पुढे पाठवतात, त्याबद्दल.

सकाळी लवकर निघू नका. बहुतेक दुकानं अकरा-बाराशिवाय उघडत नाहीत आणि रात्री आठच्या सुमारास मिटतात. निशी-कासाईहून, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात, तोझाई लाइनने ओतेमाचीला यावं आणि चियोदा लाइन धरावी. तिच्या काही गाड्या योयोगी-उएहारानंतर ओदाक्यू या खासगी रेल्वेच्या रुळांवरून थेट शिमोकिताझावाला जातात. शिबुयाहून येणार असाल तर इनोकाशिरा लाइनची जलद गाडी पहिल्याच थांब्यावर उतरवते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. गर्दीत कपडा उलटून पाहायला सवड मिळत नाही, आणि जुना कपडा उलटून पाहिल्याशिवाय घ्यायचा नसतो.

मी पाहुण्यांना उत्तरेकडून सुरुवात करायला लावते. तिथे तोयो हयाक्कातेन आहे. नाव डिपार्टमेंट स्टोअरचं असलं तरी आहे ते गॅरेजसारखं एक छप्पर आणि त्याखाली दाटीने मांडलेली वीसेक छोटी दुकानं. एकात फक्त चामड्याच्या वस्तू, दुसऱ्यात फक्त कानातली, तिसऱ्यात अमेरिकेतून आलेले शर्ट. नजर बसायला ही जागा चांगली. इथे तासभर फिरलं की पुढच्या मोठ्या दुकानांतल्या किमती योग्य आहेत की नाहीत हे आपोआप कळायला लागतं. तिथून जवळच न्यूयॉर्क जो एक्स्चेंज आहे, एका जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या इमारतीत. तुम्ही स्वतःचे चांगल्या स्थितीतले कपडे घेऊन गेलात तर ते पारखून रोख पैसे देतात, किंवा त्या बदल्यात दुकानातले दुसरे कपडे घेऊ देतात. पाहुण्यांना मी बॅगेत दोन चांगले कुडते जास्तीचे आणायला सांगते.

कपडे पाहताना घाई नको. लिव्हाईसच्या जीन्सवरच्या लाल पट्टीत ई हे अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तर ती साधारण १९७१ च्या आधीच्या घडणीची. मग किंमत सहज पाच आकडी येनमध्ये जाते. टी-शर्टच्या बाहीच्या कडेला एकच टाका दिसला तर बहुधा तो नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा. किमोनोवर घालायचे जुने हाओरी काही दुकानांत दोन-तीन हजार येनला मिळतात. त्यांच्या आतल्या अस्तरावर बाहेरच्यापेक्षा सुंदर चित्रं असतात, म्हणून उलटून पाहाच. कपडे घालून पाहायच्या खोलीत बूट काढून जायचं. बायकांना चेहऱ्यावर घ्यायला पातळ कागदी कापड देतात, कपड्याला पावडर-लिपस्टिक लागू नये म्हणून. त्या कपड्याचा पुढचा मालक अजून यायचा आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. मला ही काळजी फार आवडते.

दुपारी जेवायला करी. ही वस्ती करीसाठी प्रसिद्ध आहे आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला इथे करीचा महोत्सव भरतो. मग दक्षिणेकडच्या गल्ल्या, आणि पाय थकले की बोनस ट्रॅक. ते काय आहे ते पुढे येईलच.

या सगळ्यात एक वस्तू मात्र पाहुण्यांच्या नजरेतून सुटते. दुकानात पैसे देतात त्या जागेजवळ आठ बाय सोळा सेंटिमीटरची गडद निळी पाटी लावलेली असते, वर पांढरी अक्षरं. ती जुन्या वस्तूंच्या व्यापाराच्या परवान्याची. जपानमध्ये १९४९ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. जुनी वस्तू विकत घेऊन विकायचा धंदा करायचा तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज करावा लागतो, १९,००० येन शुल्क भरावं लागतं आणि पोलिसांवर देखरेख करणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा परवाना मिळवावा लागतो. साधारणपणे दहा हजार येनपासून पुढच्या खरेदीत विकणाऱ्याची ओळख पटवायची, वहीत नोंद करायची आणि ती तीन वर्षं जपायची. पुस्तकं, सीडी, व्हिडिओ गेम यांसारख्या काही वस्तूंना रकमेची ही सूटही नाही, कारण दुकानांतून उचललेला माल तिकडे वळतो. चोरीची वस्तू परवानाधारकाकडे सापडली तर चोरीनंतर वर्षभराच्या आत मूळ मालक ती फुकट परत मागू शकतो. नुकसान व्यापाऱ्याचं. म्हणून व्यापारी स्वतःच डोळ्यांत तेल घालून पाहतो.

आता घरच्या गोष्टीकडे येते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलपं, पितळी दिवे, पान्हे, नाणी, घड्याळांचे सुटे भाग, कॅमेरे, बूट, कपडे. आमच्या कुटुंबाच्या गटावर त्याचा विषय निघाला की मोठे मामा म्हणतात, "अगं, निम्मा माल चोरीचा असतो तिथे. आणि रस्ता अडतो तो वेगळाच. तुमच्या जपानमध्ये चालेल का असं?" मुंबईची मावशी चोरबाजाराबद्दल तेच बोलते. तरुण मंडळी दुसऱ्या टोकाला. त्यांना इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्टची दुकानं हवी असतात, पण चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर किंवा मंगळवार पेठेत पाय ठेवायचा नसतो.

मामा, जपानमध्ये चालतं. असंच सुरू झालं होतं. युद्धानंतर शिमोकिताझावा स्टेशनच्या तोंडाशी काळा बाजार उभा राहिला. पत्र्याच्या छपराखाली खाण्याचे पदार्थ आणि अमेरिकन माल विकला जायचा. त्यातून उरलेला स्टेशनसमोरचा बाजार कित्येक दशकं तिथे होता, अलीकडे स्टेशनच्या कामात गेला. वस्तीला वाहतुकीचा त्रासही होता. ओदाक्यूच्या रुळांवरची फाटकं गर्दीच्या वेळी उघडायची नावच घेत नसत. उपाय म्हणून २०१३ मध्ये रेल्वे जमिनीखाली नेली आणि नऊ फाटकं एका रात्रीत गेली. त्याच सुमाराचा दुसरा प्रस्ताव होता वस्तीच्या मधून रुंद रस्ता काढण्याचा, १९४६ च्या आराखड्यातला. त्याविरुद्ध रहिवासी, दुकानदार, नाटकवाले आणि संगीतवाले २००६ मध्ये न्यायालयात गेले. गल्ल्या अरुंद राहिल्या तरच लहान दुकान टिकतं, हे त्यांचं म्हणणं होतं. रेल्वे खाली गेल्यावर वर मोकळी झालेली जवळपास १.७ किलोमीटरची पट्टी हळूहळू दुकानं, बागा आणि घरांना मिळाली. बोनस ट्रॅक तिचाच भाग, २०२० मध्ये सुरू झालेला. खाली छोटं दुकान, वर राहायची खोली, म्हणजे एकट्या माणसाला धंदा करता यावा अशी बांधणी. जागा मोकळी झाली तेव्हा छोट्या दुकानदाराचा विचार आधी झाला, हे पाहुण्यांनी घरी जाऊन सांगावं असं मला वाटतं.

म्हणजे या गल्ल्यांमधली स्वच्छता, शिस्त आणि विश्वास जपानी रक्तातून आलेला नाही. व्यापाऱ्याला कायद्याने नाव दिलं, जबाबदारी दिली, आणि त्याच्या पायाखालची जागा एका फटक्यात काढून घेतली नाही, त्यातून तो आला. चोरीचा माल येतो म्हणून बाजार उठवा असं म्हणणारे टोकियोचा दाखला देतात तेव्हा तो उलटा देतात. टोकियोने चोरीच्या मालासाठी नोंदवही आणली.

आपल्याकडे जुन्या कपड्यांचा व्यापार नव्याने शिकवायचीही गरज नाही. बोहारणी पिढ्यान्‌पिढ्या तो करत आल्या आहेत. डोक्यावर भांड्यांची टोपली, दुपारी दाराशी बसणं, "ताई, या पातेल्याला आणखी एक साडी टाका" ही घासाघीस आमच्या आयांनी केली आहे. न्यूयॉर्क जोमध्ये मुलं ज्या अदलाबदलीचे फोटो काढतात तीच ही. बोहारणीने नेलेला कपडा धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून पुन्हा विकला जातो. अगदी विरलेला गॅरेजमध्ये पुसायला जातो. खऱ्या जरीची साडी जाळून तिच्यातली चांदी काढतात. हे शेवटचं मला खरोखर सलतं. जिथे आजीच्या हाओरीला दुकानात हँगर मिळतं, तिथे आजीच्या पैठणीचं वजन होतं. ती पैठणी जशीच्या तशी विकत घेणारी, दुरुस्त करून मांडणारी परवानाधारक दुकानं पुण्यात गल्लोगल्ली असती, तर त्यातली बरीच वस्त्रं वाचली असती. आणि त्यांची पारख बोहारणीइतकी कोणाकडे आहे? हात फिरवून साडीची जर खरी की खोटी हे त्या सांगतात.

दुसऱ्याच्या अंगावरचं आपण घालत नाही, असं आमच्या घरी ठासून सांगितलं जातं. पण बाळ जन्मलं की त्याला पहिल्यांदा गुंडाळतात ते आजीच्या मऊ झालेल्या लुगड्यात. गोधडी शिवतात ती घरभराच्या जुन्या साड्यांची. चुलतभावाचा शर्ट धाकट्याला येतो. नको असतं ते अनोळखी माणसाचं, आणि त्या अनोळखीपणात जात दडलेली असते हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवं. बोहारणीला ओट्याच्या आत न घेण्याची, तिला वेगळ्या पेल्यात पाणी देण्याची रीत कपड्यांच्या स्वच्छतेतून आलेली नव्हती. मुंबईत हा धंदा करणाऱ्यांपैकी बहुतेक बाया वाघरी समाजाच्या, जो आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. कपडा त्यांच्या हातून गेला की तो 'जुना', आणि तोच शिमोकिताझावाच्या हँगरवर आला की 'विंटेज'. या फरकाला कापूस जबाबदार नाही.

टोकियोत सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांत इथे जुन्या कपड्यांची दुकानं इतकी वाढली की भाजीवाले, जुनी कॅफे आणि नेहमीची दुकानं त्यांच्या भाड्यापुढे टिकेनात, अशी रहिवाशांचीच तक्रार आहे. माल बराचसा अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येतो, आणि जपानी कपाटांतले कपडे गठ्ठ्यांनी मलेशियासारख्या देशांत जातात. माझ्या शेजारच्या आजी अजूनही कोणाचा वापरलेला कपडा अंगाला लावत नाहीत. १९,००० येनचं शुल्कही आपण उचलू नये. बोहारणीकडून एवढी रक्कम मागायची म्हणजे तिला आणखी बाहेर ढकलायचं.

आपल्याला उचलायचं ते आपल्याच कायद्यात आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात तरतूद आहे की ज्या नैसर्गिक, म्हणजे आपसूक वसलेल्या, बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. जुना बाजार पन्नास वर्षांहून कितीतरी जुना आहे, चोरबाजार तर शतकाहून जुना. वाहतुकीची कोंडी, चोरीचा माल, कचरा यांवर आमच्या गटावर पानंच्या पानं लिहिली जातात, पण ही तरतूद इथे लावा असं कोणी लिहीत नाही. त्याच कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेते हवेत आणि त्यांच्यापैकी एक तृतीयांश बायका. दारोदार फिरून विकणारेही कायद्याच्या व्याख्येत बसतात, म्हणजे बोहारीणही बसते.

चोरीच्या मालाची भीती खरी आहे, मामा. त्यासाठी नोंदवही ठेवा, ओळखपत्र पाहा, साधी पाटी द्या, नाममात्र शुल्कात. रस्ता अडतो हेही खरं. पण बाजार आठवड्यातून दोनच दिवस भरतो, आणि त्या दिवसांत वाहनं कुठून वळवायची, हातगाड्या किती वाजता लावायच्या आणि उचलायच्या, हे ठरवायला मंगळवार पेठेत वर्षानुवर्षं कुलपं विकणारा माणूस आणि रोज साड्यांची गाठोडी घेऊन शहर पायी तुडवणारी बाई समितीच्या बैठकीत हवी. त्यांना उठवायची तारीख ठरवण्याआधी ती बैठक बोलवा.