वीस हजाराला अठ्ठावन्न रुपये कमी

आज सकाळी मामेभावानं व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. लिलाव कंपनीकडून आलेला हिशोबाचा कागद. खाली नुसता हसणारा चेहरा. त्यात हसण्यासारखं काय दिसलं ते त्यालाच माहीत. माझं मात्र तेव्हापासून डोकं फिरलेलं आहे, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

दोंडाईच्याचे माझे मामा जुन्या मित्रांना माहीत आहेत. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी: मामांची टुरिंग टॉकीज होती. सारंगखेड्याची यात्रा, अमळनेरची यात्रा, मधले सगळे आठवडे बाजार. भुसावळहून पिक्चरची पेटी यायची, मामा ऑइल इंजिन चालू करायचे आणि तंबूत मधोमध दोर बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. व्हिडिओ आला आणि तंबू गुंडाळला. राहिल्या दोन पत्र्याच्या ट्रंका. एकीत पोस्टरं, दुसरीत शोकार्डं, फोटोसेट आणि गाण्यांच्या चोपड्या. मामांनी चाळीस वर्षं त्यात डांबर गोळ्या टाकल्या. मामी दर दिवाळीला म्हणायची, काढा हे घराबाहेर. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

तर यंदा मागच्या खोलीचे पत्रे बदलायचे म्हणून पहिली ट्रंक लिलावाला गेली. मामेभाऊ पुण्यात असतो, त्यानं इंटरनेटवर बघून पाठवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचं कमी-जास्त हेच चालतं.

आता हिशोब बघा. पोस्टरांचा लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला गठ्ठा, चाळीस हजाराला गेला. हातोडा पडला चाळीस हजारावर. मामांच्या डोक्यात चाळीस हजार. मामीच्या डोक्यात चाळीस हजार. पत्रेवाल्यालाही सांगून झालं.

त्यातून विक्रेत्याचं कमिशन १५ टक्के, म्हणजे ६,०००. कॅटलॉगसाठी फोटो काढले त्याचे १,५००. विमा ४००. आणि दोन लॉट विकले गेले नाहीत म्हणून १,००० दंड! या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, १,६०२. मामांच्या खात्यात आले २९,४९८.

न विकल्याचा दंड कोणाला? मामांना. त्या दोन लॉटची अंदाजित किंमत कोणी ठरवली? कंपनीनं. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली माल द्यायचाच नाही ती, किती ठेवायची तेही त्यांनीच सुचवलं. भाव तुम्ही चढा लावला, माल पडून राहिला, आणि पैसे दोंडाईच्याच्या म्हाताऱ्यानं भरायचे. वा रे न्याय!

पण खरी गंमत पुढे आहे. ज्यानं तो लॉट घेतला त्याला चाळीस हजारात मिळाला नाही. त्याच्याकडून २० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडचं कमिशन घेतलं, ८,०००. त्यावर जीएसटी १,४४०. त्याला पडला ४९,४४० ला. मालावरचा टॅक्स आणि कुरिअर वेगळं, ते सोडूनच देतो. घेणाऱ्यानं ४९,४४० दिले, देणाऱ्याला २९,४९८ मिळाले. मधले १९,९४२. वीस हजाराला अठ्ठावन्न रुपये कमी. त्यातले ३,०४२ सरकारला गेले असं धरा, तरी १६,९०० कंपनीच्या गल्ल्यात. चाळीस हजारांच्या मालावर!

मामांना फोन केला. त्यांनी तो कागद समोर धरून एकच प्रश्न विचारला, "इतला पैसा कोठे ग्यात रे भाऊ?" मी ओळ ओळ वाचून दाखवली. इंग्रजी कागद, मराठीत सांगत गेलो. शेवटी म्हणाले, "जाऊ दे, आपले काय कमी शे!" त्यांचं हे नेहमीचं आहे. यात्रेत पाऊस पडून तंबू भिजला तरी हेच म्हणायचे.

मला नाही जाऊ देता येत.

आपण खान्देशातली माणसं. आडत, हमाली, तोलाई हे शब्द आपल्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं केलं तेव्हा व्यापारी बंदवर गेले होते, आठवतं ना? भांडण कशावरून होतं, तर आडत कोणाकडून घ्यायची यावरून. इथं हे लोक दोघांकडूनही घेतात आणि दोघेही थँक्यू म्हणतात. आपल्या मार्केट यार्डात असं कोणी केलं असतं तर संध्याकाळपर्यंत रस्ता अडवला असता.

आणि हे काही आजचं नाही. घेणाऱ्याकडूनही टक्का घ्यायचा हा प्रकार लंडनला १९७५ मध्ये सुरू झाला. ख्रिस्तीज आणि सदबीज या दोन मोठ्या लिलाव पेढ्यांनी पाठोपाठ लावला, तेव्हा १० टक्के होता. पुढे नव्वदच्या दशकात याच दोघांनी विक्रेत्याच्या कमिशनबाबत आपसात संगनमत केलं आणि पकडले गेले. ५१ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड झाली, सदबीजचे अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन तुरुंगात जाऊन आले. एवढं होऊनही टक्का खाली आला का? २०२४ मध्ये सदबीजनं घेणाऱ्याचा टक्का २० वर आणून मोठा गाजावाजा केला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा २७ वर नेला. म्हणजे तिकडच्या श्रीमंतांनाही हे सुटलेलं नाही. पण त्यांची खोली गळत नाही, हा फरक.

जळगावचा माझा एक मित्र पोस्टरं जमवतो. सराफाकडचं भिंग घेऊन बसतो. भिंगाखाली ओळीत ठिपके दिसले की ऑफसेटची, म्हणजे फोटोवरून केलेली छपाई; हातानं चित्र काढून छापलेल्या जुन्या लिथोला तसे ठिपके नसतात, हे त्यानंच मला दाखवलं. दुपारी त्याला फोन लावला आणि वैताग ओकला. म्हटलं, तुम्हा घेणाऱ्यांचीही लूट आहे राव. तर तो शांतपणे म्हणाला, "माझी कसली लूट? मी बोली लावतानाच ते धरून लावतो. खिशात पन्नास हजार असले तर चाळीसला हात खाली."

मी गणित करून बघितलं. चाळीस हजारावर प्रीमियम आणि जीएसटी धरून ४९,४४०. बरोबर पन्नासच्या आत. म्हणजे तो बायर्स प्रीमियम नावालाच घेणाऱ्याचा आहे. तो प्रीमियम नसता तर असं गणित करणारा माणूस पन्नासपर्यंत गेला असता. म्हणजे ते आठ हजारही शेवटी मामांच्याच ट्रंकेतून गेले. कागदावर मात्र त्याचा उल्लेखही नाही! मामांना पाठवलेल्या हिशोबात ही ओळच नाही. मामेभावानं वेबसाइटवर जाऊन शोधली म्हणून कळलं.

बरं, मित्राचं सगळंच सुखाचं आहे असंही नाही. स्वस्तातल्या वस्तूंना तो हात लावत नाही आता. हजार रुपयांची गाण्यांची चोपडी घ्यायची तर वर टक्का, टक्क्यावर टॅक्स, पॅकिंग आणि कुरिअर धरून दुप्पट जाते. त्यामुळे छोट्या मालाला गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून लॉट पडून राहतो, पडून राहिला की पुन्हा विक्रेत्याला दंड. हौशी पोरं, ज्यांचा पगार वीस-पंचवीस हजार, ती या खेळातून बाहेरच.

ठीक आहे, आता कोणीतरी लिहीलच, म्हणून मीच लिहून टाकतो. लिलाव कंपनी नसती तर ती पोस्टरं भंगारवाल्यानं रद्दीच्या भावात नेली असती. मान्य. दोंडाईच्यात बसून मामांना मुंबई-दिल्लीचं गिऱ्हाईक कुठून मिळणार होतं? मान्य. खरं-खोटं तपासायला जाणकार लागतो, जागा लागते, तेही मान्य. कोणी धर्मादाय दुकान उघडावं असं मी म्हणत नाही.

पण मग हे सांगा, मोठा संग्रह घेऊन मोठा माणूस आला की विक्रेत्याचं कमिशन शून्य कसं होतं? होतं, बरं का. या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. नाव मोठं असलं, माल कोटीचा असला की कमिशन माफ, फोटो फुकट, विमा फुकट, वर घेणाऱ्याकडून आलेल्या प्रीमियममधलाही हिस्सा देतात. त्याच्या घरी माणूस पाठवतात, मऊ हातमोजे घालून माल उचलतात. आणि ज्यानं एसटीच्या टपावर ट्रंक टाकून यात्रा केल्या, ज्याच्या एकेका पोस्टराच्या मागे पेन्सिलीनं गावाचं नाव, खेळाची तारीख आणि गल्ला लिहिलेला आहे, त्याच्याकडून फोटोचेही पैसे. हे वाचून कोणाला राग येत नसेल तर मला अनफ्रेंड करा, खरंच.

एक सांगायचं राहिलं. त्या पेन्सिलीच्या नोंदी कॅटलॉगमध्ये 'मागील बाजूस लिखाण, किरकोळ दोष' म्हणून छापल्या. दोष! मामांना हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

रागाच्या भरात बरंच लिहून झालं. आता चहा घेतला, जरा बरं वाटतंय.

मामेभाऊ म्हणतो दुसरी ट्रंकही तिकडेच पाठवू, पत्र्यांना अजून साडेपाच हजार कमी पडताहेत. जळगावचा मित्र म्हणतो, मी येतो, ट्रंक बघतो, मधे कोणी नको, रोख देतो. मला ते पटलं. मामांना कळवलं. ते जरा थांबले. मग म्हणाले, "भाव बी तोच सांगी आनि माल बी तोच लई?"

यावर मला काही बोलता आलं नाही. मित्र सज्जन आहे, पण प्रश्न बरोबर होता. चार माणसांत बोली लागल्याशिवाय मालाची किंमत कळत नाही, हे यात्रेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगणार?

तेव्हा सोमवारी कंपनीला फोन करणार आहे. कमिशन दहाच्या खाली आणा, फोटोचे पैसे सोडा, न विकल्याचा दंड काढून टाका आणि घेणाऱ्याकडून काय घेताय ते आमच्याही कागदावर लिहा, तरच ट्रंक येईल. तुमच्यापैकी कोणी भांडून कमिशन कमी करून घेतलं असेल तर किती टक्क्यांवर आणलं तो आकडा इनबॉक्समध्ये टाका, फोनवर बोलताना कामाला येईल. कंपन्यांची नावं कमेंटमध्ये लिहू नका, मी डिलीट करेन.