‘बसेल तितकं ठेवा’ एवढ्यानं का भागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टर्मिनलच्या (कमांड टाइप करायच्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या पडद्याच्या) रकान्यात न मावणारा मजकूर आखूड करणाऱ्या माझ्या फंक्शनवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. आउटपुट ग्रेपला, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडला, दिलं तर अर्धी नावं सापडतच नाहीत. डब्ल्यूसीविड्थनं, म्हणजे चिन्ह पडद्यावर किती जागा घेतं ते सांगणाऱ्या फंक्शननं, रुंदी मोजा, शून्य रुंदीची चिन्हं आधीच काढून टाका, बसेल तितकं ठेवा आणि पुढे टिंबं द्या, एवढ्याशा कामाला ४० ओळी कशाला? आणि मुळात टर्मिनलवर मराठी वाचतंय कोण?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. चूक माझीच होती. आउटपुट पाइपमध्ये (म्हणजे दुसऱ्या कमांडकडे) किंवा फाइलमध्ये जात असेल, तर तिथे पडदाच नाही. मग छाटायचं कशासाठी? आता फंक्शन आधी पलीकडे टर्मिनल आहे का ते बघतं, नसेल तर मजकूर जसाच्या तसा सोडतं. शिवाय सगळं पूर्ण दाखवण्याचा पर्यायही घातलाय. तुमच्यामुळे हे सुधारलं, मनापासून आभार.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. रायगड जिल्ह्यातलं ‘श्रीवर्धन’ घ्या. या नावात कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड या लिप्यांच्या मानकातली सुटी चिन्हं, ९ आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत बाइट २७, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. सी भाषेतल्या प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला ‘फक्त १०’ असं सांगितलं, तर ते १० बाइट मोजतं. ‘श्र’ येतं आणि पुढच्या वेलांटीच्या तीन बाइटांतला फक्त पहिला चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन लोंबत राहतो. हे चुकीचं आहे यावर आपलं एकमत आहे.

आता तुमची पद्धत. मार्कुस कून यांनी लिहिलेल्या डब्ल्यूसीविड्थच्या नियमानं व्यंजनाला एक घर (पडद्यावरची एका अक्षराची जागा), काना आणि वेलांटीला एक, तर उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताला शून्य. म्हणजे ‘श्रीवर्धन’ची घरं ७. रकाना ६ घरांचा असेल तर एक घर टिंबांच्या चिन्हाला ठेवायचं आणि पाचांत बसेल तेवढं घ्यायचं. हाती येतं ‘श्रीवर्…’. बेरीज अगदी बरोबर आहे, पण ते वाचून बघा. मूळ नावात ‘र’ कुठे दिसतच नाही, तो ‘ध’च्या डोक्यावर रफार होऊन बसलेला असतो. आपण ‘ध’ काढून घेतला आणि त्या रफाराला पाय मोडून खाली उभं केलं. माझं फंक्शन ‘श्रीव…’ देतं. एक घर रिकामं जातं, ते मी आनंदानं जाऊ देतो.

किती घरं लागतील आणि कुठे तोडलेलं चालेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डब्ल्यूसीविड्थ फक्त पहिल्याचं उत्तर देतं. दुसऱ्यासाठी युनिकोडचे ग्राफीम क्लस्टरचे, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या चिन्हांच्या गटाचे, नियम लागतात, आणि त्यांतही जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) ‘महाराष्ट्र’ची ६ अक्षरं मोजते: म, हा, रा, ष्, ट्, र. पहिलीतलं मूल ४ मोजतं. माझ्या ४० ओळींतल्या बऱ्याचशा या जुन्या लायब्ररीनं केलेले तुकडे पुन्हा सांधण्यात गेल्या आहेत.

आणि शून्य रुंदीची चिन्हं काढून टाकायचा सल्ला कृपया कुणालाच देऊ नका. उकार, मात्रा, अनुस्वार त्यांतच येतात, ते जातील हे उघड आहे. तुम्हाला फक्त न दिसणारे जोडक (शेजारची चिन्हं कशी जोडायची एवढंच सांगणारे) म्हणायचे असतील, तरीही नाही. ‘दऱ्या’मधला अर्धा र पुष्कळ ठिकाणी र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असा टाइप केलेला असतो. जोडक काढला की उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! आचाऱ्याला दिलेले पैसे याच रीतीनं आचार्याच्या नावावर लागतात.

हे फंक्शन मी लिहिलं ते एका मित्राच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी. तिथे बिल्ट्यांची यादी टर्मिनलवर चालते आणि गावाचा रकाना ९ घरांचा आहे. माझ्या पहिल्या आवृत्तीत शेपूट छाटलं जायचं. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव राजा, पिंपळगाव रेणुकाई, पिंपळगाव हरेश्वर, सगळ्यांचं एकच ‘पिंपळगाव…’. बुलढाण्याकडे जायचं पार्सल जळगावच्या गठ्ठ्यात पडलं, तेव्हा मला कळलं की गावाच्या नावात ओळख शेवटाला असते. आता मधून कापतो, डावीकडे ४ घरं आणि उजवीकडे ४:

पिंपळ…बसवंत
पिंपळ…राजा
पिंपळ…णुकाई
पिंपळ…रेश्वर

शेवटची दोन देखणी नाहीत, पण हमालाला चारही गावं ओळखू येतात. मी बाजूला उभं राहून पाहिलंय. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या लॉगलाही (बदलांच्या यादीलाही) शेवट, सुरुवात की मध्य, कुठून छाटायचं ते सांगता येतं; सोय नवी नाही, आपण ती वापरत नाही एवढंच. (रंगाचे कोड असतील तर छाटल्यावर रंग बंद करणारा कोड पुन्हा जोडायचा, नाहीतर पुढच्या सगळ्या ओळी लाल.)

तिसरा आक्षेप वाचून वाईट वाटलं. मराठी नावाची फाइल गिटमध्ये टाकून स्टेटस बघा. मूळ सेटिंग बदललं नसेल तर एकट्या ‘म’च्या जागी ३४०, २४४, २५६ असे तीन आकडे, म्हणजे त्याचे तीन बाइट, दिसतात. लोक हे बघतात आणि फाइलचं नाव इंग्रजीत करून टाकतात. मग कुणीतरी म्हणतं, इथे मराठी वापरतंच कोण. वापरणारे होते, आपणच त्यांना वाचता येईल असं काही दाखवलं नाही.

एक गोष्ट माझ्याकडून अजून सुटलेली नाही. वरची सगळी घरं हिशोबातली आहेत. टर्मिनल प्रत्यक्षात किती घरं पुढे सरकतं ते ज्याचं त्याचं वेगळं, आणि काही लायब्रऱ्या कान्यालाही शून्य घर देतात. टर्मिनललाच विचारायची सोय आहे: ओळीच्या सुरुवातीला शब्द छापायचा, एस्केप, चौकटी कंस, ६ आणि लहान लिपीतला एन पाठवायचा, की ते कर्सरची ओळ आणि कॉलम कळवतं. माझ्याकडच्या दोन टर्मिनलांनी ‘श्रीवर्धन’साठी वेगवेगळे कॉलम सांगितले. तुमचं टर्मिनल कोणतं आहे आणि ते काय सांगतं, तेवढं कळवाल का?