हिलक्लाइंबच्या प्रशिक्षण दिवसाबद्दल खुलासा

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'प्रेस्कॉटच्या हिलक्लाइंब प्रशिक्षणाला रेसिंग कार लागते, गाड्या शेजारी शेजारी पळवतात आणि संध्याकाळी स्पर्धेचं लायसन्स हातात मिळतं.' तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हिलक्लाइंब म्हणजे चढाच्या रस्त्यावर गाडी कमीत कमी वेळात वर नेण्याची स्पर्धा. ग्लॉस्टरशायरमधलं प्रेस्कॉट हे अशा स्पर्धेचं ठिकाण, बुगाटी ओनर्स क्लबचं. चढ 1127 यार्डांचा, म्हणजे साधारण एक किलोमीटर. तिथे नवशिक्यांना आपली रोजची गाडी चालते. चढावर एका वेळी एकच गाडी सुटते. शर्यत फक्त घड्याळाशी.

सगळ्यात जास्त धास्ती असते सुरुवातीच्या रेषेवरच्या हिरव्या दिव्याची. मागच्या चाकाला पाचर लावलेली असते, म्हणून गाडी मागे घरंगळत नाही. दिवा हिरवा झाला की लगेच सुसाट सुटायचं, असं बिलकुल नाही! त्याचा अर्थ एवढाच की रस्ता मोकळा आहे, तयार झालात की निघा. गाडीने रेषेवरचा प्रकाशकिरण तोडला की मगच वेळ मोजायला सुरुवात होते. तेव्हा शांतपणे श्वास घ्या, क्लच सावकाश सोडा. पुढे पार्डन नावाच्या हेअरपिन वळणावर (जिथे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो) चढ आणि वळण एकदम येतं, तिथे घाईने ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक नुसतंच फिरतं.

स्पर्धेचं लायसन्स मोटरस्पोर्ट यूके या ब्रिटनमधल्या मोटर स्पर्धांच्या नियामक संस्थेकडून वेगळं काढावं लागतं.

आणि कळकळीची विनंती: 'आधी ताम्हिणीत सराव करा' ही त्या मेसेजमधली शेवटची ओळ कृपया पुढे पाठवू नका. प्रेस्कॉटचा रस्ता बंदिस्त आहे, वळणावळणावर मार्शल असतात. ताम्हिणीत समोरून एसटी येते.